बाबांच्या खांद्यातलं लोखंड

सासऱ्यांना मी लग्न होऊन आल्यापासून बाबा म्हणते, आणि आल्यापासूनच त्यांच्याशी भांडतेही. पहिलं भांडण शर्टावरून झालं. त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. शर्ट घालायचा तर आधी डावी बाही, मग तो पाठीमागून ओढून उजवी. आणि मी नवी सून, इस्त्री करून गळ्यापर्यंत बटणं लावून शर्टांची चळत रचून ठेवायची. बाबा बिचारे रोज एका हाताने ती सोडवत बसायचे. शेवटी एकदा त्यांनी शर्ट माझ्यापुढे आपटला आणि म्हणाले, "पोरी, हा शर्ट आहे की तिजोरी?"

फौजेत ते ट्रक चालवायचे. हात निकामी झाल्यावर ट्रक सुटला, फौज सुटली, आणि एका गॅरेजमध्ये बॅटऱ्या चार्ज करायचं काम त्यांनी म्हातारपणापर्यंत केलं. अ‍ॅसिडने त्यांच्या सगळ्या पँटींना मांडीवर भोकं. गॅरेजमध्ये त्यांना फौजी म्हणत, पण लढाईचं काही विचारलं की फौजी बॅटरीत पाणी ओतायला लागायचे. त्यांची आणखी एक तऱ्हा होती. कितीही थंडी पडो, दोन स्वेटर घालतील, वर शाल घेतील, पण कोट अंगाला लावू देणार नाहीत. माझ्या नवऱ्याने पहिल्या पगारातून आणलेला कोट अजून डांबराच्या गोळ्यांसकट कपाटात आहे. म्हाताऱ्या माणसाचे चोचले, असं मी समजायची.

सगळं सुरू झालं पाठदुखीवरून. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. तिथे मशीनवरच्या मुलीने विचारलं, अंगात कुठे लोखंड आहे का? बाबा म्हणाले, आहे. मग आधी एक्स-रे काढला. खांद्याच्या हाडाजवळ पांढरे ठिपके, ज्वारीचे दाणे सांडावेत तसे. डॉक्टर तरुण होते. त्यांनी जुने कागद मागितले. मी ट्रंकेतून फौजेच्या दवाखान्याचा कागद काढून नेला. त्यावर एवढंच होतं: ताप. भरती. बरा होऊन रवाना.

"आजोबा, ताप भलताच कडक होता हो तुमचा," डॉक्टर हसत म्हणाले. "लोखंड सोडून गेला!"

मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. बाबा हसले नाहीत. घरी आल्यावर जेवले नाहीत. मी ताट उचलायला गेले तेव्हा म्हणाले, "मला ताप आला नव्हता. तोफेचा गोळा फुटला होता. तापवाला म्हणून मरायचं नाही मला."

लढाईत जखमी झालेल्याला एक पदक मिळतं. छोटंसं असतं, रिबिनीला लटकवलेलं. ते बाबांना कधी मिळालं नाही, आणि त्यांनीही कधी मागितलं नाही. आता मात्र हट्टच धरला. पदक हवं तर आधी फौजेच्या दप्तरातली नोंद दुरुस्त व्हायला हवी, आणि त्यासाठी अर्ज करायला हवा. अर्ज म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळतात, कारण मी झेरॉक्सच्या दुकानात बसते. जणू झेरॉक्स काढणारीला कायदाही कळतो.

त्या दप्तराच्या कचेरीत खिडकीचं भोक इतकं खाली आहे की साहेबाशी बोलायचं तर कमरेत वाकावं लागतं. पाठदुखीचा माणूस तिथे वाकून उभा राहायचा आणि आतला कारकून डोळे वर न करता म्हणायचा, पुढच्या महिन्यात या. मी एकदा आवाज चढवला. तर बाबांनीच मला गप्प केलं. "त्याच्यावर काय ओरडतेस? तो तेव्हा जन्मलाही नव्हता." किती खेटे घातले त्याचा हिशेब मी ठेवला नाही, ठेवला असता तर जास्त चिडले असते.

शेवटी एकदा कारकुनाने आम्हाला आत बोलावून खुर्ची दिली. तेव्हाच मी ओळखलं. कचेरीत खुर्ची मिळाली की बातमी वाईट.

तो म्हणाला, "त्या दिवशी तिथल्या उपचार चौकीवर डाव्या खांद्यात गोळ्याचे तुकडे गेलेला एक जवान नोंदलेला आहे. पण नंबर तुमचा नाही, दुसऱ्याचा आहे. पुढे त्याच नंबरावर मृत्यूची नोंद आहे. जखमेने मृत्यू, असं धरून पदक त्याच्या बायकोला दिलंय. आता एका जखमेला दोन पदकं कशी द्यायची?" मग कागद फिरवून त्याने नाव दाखवलं.

बाबांनी नाव वाचलं आणि बसल्या बसल्या त्यांचा चेहरा उतरला. ट्रकवरचा त्यांचा जोडीदार होता तो.

कारकून माणूस वाईट नव्हता. त्यानेच वाट सांगितली. त्या बाईने शपथेवर लिहून द्यायचं, की नवऱ्याच्या अंगावर जखम नव्हती. मग नोंद फिरेल. "पण तिकडचं पदक परत घ्यावं लागेल," तो म्हणाला. मी म्हटलं, घ्या की. ज्याचं त्याला मिळालं पाहिजे. तेव्हा मला असंच वाटत होतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

त्या बाईच्या गावाला जाताना बसमध्ये बाबांनी मला सगळं सांगितलं. बायकोला, मुलाला कधी न सांगितलेलं त्यांनी मला खिडकीबाहेर बघत सांगितलं.

सरहद्दीजवळच्या डोंगरातल्या रस्त्यावर हिवाळ्यात ट्रकची समोरची काच उघडी ठेवावी लागायची. बंद ठेवली तर तिच्यावर बर्फ धरायचा आणि पुढचं दिसायचं नाही. वारा सरळ छातीवर. ट्रकवर दोघं, आळीपाळीने चालवायचे. त्या वर्षी कोट कमी आले होते. जोडीदाराला मिळाला होता, बाबांचा यायचा होता. म्हणून ड्रायव्हरांनी आपसात ठरवून टाकलेलं: जो स्टिअरिंगवर त्याच्या अंगावर कोट, दुसऱ्याने ताडपत्री गुंडाळून झोपायचं. जोडीदाराच्या कोटाला आतून, कॉलरखाली, लाल दोऱ्याने त्याचं नाव आणि नंबर शिवलेला होता. आणि गळ्यातले नावाचे बिल्ले? ते सगळे ड्रायव्हर आरशाला लटकवून ठेवत. त्या थंडीत पत्रा कातडीला चिकटायचा.

गोळा फुटला तेव्हा बाबा चालवत होते. मागून येणाऱ्या गाडीने त्यांना बेशुद्ध उचलून चौकीवर नेलं, कोटासकट. रक्ताने भिजलेला कोट काढून घ्यायचं कुणाला सुचणार? चौकीवर जखम शिवली आणि कोटावरचं नाव कागदावर लिहिलं. बाबा शुद्धीवर आले ते खालच्या मोठ्या दवाखान्यात, तापाने फणफणलेले. त्यांनी आपलं नाव सांगितलं. त्या नावाचा कागदच नव्हता. मग नवा कागद केला. जखम चौकीवरच शिवून बांधून झालेली, म्हणून तिथे ज्यावर इलाज चालू होता तेवढंच लिहिलं. ताप.

"आणि जोडीदार?" मी विचारलं.

"भरलेला ट्रक सोडून जायचं नसतं. तो थांबला. मग बर्फाने रस्ता बंद झाला." बाबांनी शाल ओढून घेतली. "रस्ता उघडला तेव्हा त्याला खाली आणला, पण उशीर झाला होता. त्याच्या अंगाला एक ओरखडा नव्हता, पोरी. थंडीने गेला. कोट माझ्या अंगावर होता."

मला एकदम आमचं कपाट आठवलं.

"हे सांगणार तिला?" मी विचारलं.

"सांगावंच लागेल. त्याशिवाय ती लिहून कशी देईल?"

त्या बाई एका खोलीत राहत होत्या. खिडकीशी शिलाई मशीन, खुर्चीवर लोकांच्या पँटी, कुणाची लांबी कमी करायची, कुणाची चेन बदलायची. बारीक अंगाच्या, चष्म्याला दोरी बांधलेली. भिंतीवर ट्रकपुढे उभ्या दोन जवानांचा फोटो, आणि त्याच्याच चौकटीत काचेखाली ते पदक. रिबीन विटून गेली होती. मी बघितलं ते आधी पदकाकडेच.

त्यांनी बाबांना न्याहाळलं, मग फोटोकडे पाहिलं. "तुम्ही डावीकडचे ना? भाऊजी, फार उशीर केलात यायला."

बाबा खाली मान घालून बसले. त्यांना सुरुवात करता येईना. मीच म्हटलं, फौजेच्या नोंदीचं एक काम होतं, तुमच्याकडून थोडं लिहून हवं होतं.

"देईन की. पण आधी माझं एक काम करा," बाई बाबांना म्हणाल्या. "इतकी वर्षं विचारायला कुणी नव्हतं. तारेत लिहिलं होतं, खांद्याला जखम होऊन गेले. त्यांना घरी आणलं तेव्हा अंग मीच पुसलं. हा खांदा पाहिला, तो खांदा पाहिला. काही नव्हतं. मी कुणाला बोलले नाही. लोक म्हणत होते लढाईत गेले, मी म्हटलं म्हणू देत."

हेच हवं होतं आम्हाला, अगदी शब्दन् शब्द. मागायच्या आधीच हातात येत होतं. माझा हात पिशवीत गेला. लिहून आणलेला कागद वरच ठेवला होता.

"बोटं मात्र काळी पडली होती," त्या म्हणाल्या. "हातांची, पायांची. तेव्हापासून एकच गोष्ट मला खातेय. रजेवर आले होते तेव्हा मी त्यांच्या कोटाला आतून कापूस भरून अस्तर लावलं होतं. हरवू नये म्हणून नावसुद्धा मीच शिवलं. लाल दोरा घेतला, लांबून दिसावा म्हणून. त्यांच्या सामानात सगळं परत आलं, कोट नाही आला. त्यांचा स्वभाव असा, की मागेल त्याला अंगावरचं काढून देतील. मला रोज वाटतं, दिला असेल कुणाला तरी." त्यांनी चष्मा काढला. "त्यांच्या अंगावर होता ना तो, भाऊजी? एवढंच सांगा मला. मग म्हणाल ते लिहून देते."

बाबांनी मान वर केली. त्यांचा उजवा हात डाव्या खांद्यावर होता, दुखलं की ते असाच धरतात. मी मनात म्हणत होते, बोला बाबा, आता बोला. आणि त्याच वेळी त्या बाईंकडे बघून मला वाटत होतं, नका बोलू. दोन्ही खरं आहे.

"होता, वहिनी," बाबा म्हणाले. "शेवटपर्यंत होता."

"नक्की?"

"मी पाहिला ना. चांगला गरम होता."

"मग बोटं?"

"हातमोजे कुणालाच नव्हते."

"आणि खांदा?"

"आतून मार बसला होता. वरून दिसत नाही तसा मार."

बाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग "बरं झालं" म्हणाल्या, डोळे पुसले आणि चहा ठेवायला उठल्या. चहा देताना त्यांनी विचारलं, काय लिहून द्यायचं होतं? बाबा म्हणाले, आता गरज नाही. कोट बाईंच्या नवऱ्याच्या अंगावर होता म्हटल्यावर जखमही त्याचीच झाली. त्या कागदावर आता लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी पिशवीतून रिकामा हात बाहेर काढला.

बस थांब्यावर माझा संताप बाहेर आला. खरं सांगते, मला रडू येत होतं आणि रडू आलं की मी चिडते. "खोटंच बोलायचं होतं तर एवढ्या लांब कशाला आलो? ती सही द्यायला तयार होती! कोटाचं सांगायची हिंमत नव्हती तर तसं म्हणायचं होतंत!"

"नव्हतीच हिंमत," बाबा म्हणाले. "तिने लाल दोरा म्हटलं आणि संपलं."

समोरून धुळीचा लोट उठवत एक ट्रक गेला. तो दिसेनासा होईपर्यंत बाबा बघत राहिले. मग म्हणाले, "पण गरम होता, ते खोटं नाही बोललो. फार गरम होता तो."

पुढच्या महिन्यात कचेरीचं स्मरणपत्र आलं, की त्या बाईंचा जबाब जोडा, नाहीतर अर्ज मागे घेत असल्याचं कळवा. मागे घेण्याचा फॉर्म मी दुकानातून काढून आणला. जेवणं झाल्यावर बाबांच्या समोर बसून मी तो भरला. नाव, नंबर, पलटण. त्यांना आता पाठीमुळे फार वेळ बसवत नाही, म्हणून ते आडवे पडून सांगत होते. एका जागी अर्ज मागे घेण्याचं कारण विचारलं होतं.

"इथे काय लिहू, बाबा?"

त्यांनी भिंतीकडे कूस वळवली. "लिही," ते म्हणाले, "मला तापच आला होता."