साडूभाऊंची न झालेली मोटारसायकल

आयुष्यात मी ज्या माणसाचा सर्वांत जास्त हेवा केला, त्याच्याकडे हेवा करण्यासारखी एकच वस्तू होती आणि तीही अजून व्हायची होती. हा माणूस म्हणजे माझे थोरले साडू. तळेगाव दाभाड्याला राहतात, चाकणच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतात, आणि मी ओळखतो तेव्हापासून आपल्या काळ्या मोटारसायकलीचं रूप आणि दम दोन्ही पालटण्याच्या बेतात आहेत. बेत म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. त्यांची एक जाडजूड वही होती. तीत टाकी, सीट, हँडल, सायलेन्सर यांची मापांसकट चित्रं होती आणि प्रत्येक चित्राखाली 'पुन्हा विचार करणे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात गाडीचा एक नटही कधी हलला नव्हता.

टाकीला जांभळा रंग द्यायचा हे ठरलेलं होतं, पण कुठला जांभळा यावर त्यांची चार वर्षं गेली. एका लग्नात ते नवरीच्या आईमागे पंगतभर फिरले, आणि शेवटी माझ्या मेव्हणीला चार बायकांना सांगावं लागलं की ते पैठणीचा काठ बघतायत. कुठेही खुर्ची मिळाली की पुढे वाकून दोन्ही हात हवेत धरायचे आणि मनगटाचा कोन तपासायचा, ही दुसरी खोड. बँकेत असे बसले असताना शिपायाने घाबरून त्यांना पाणी आणून दिलं होतं. चाकण रस्त्यावरच्या कोंडीत सगळं जग वैतागलेलं असायचं, तेव्हा हे डोळे मिटून आजूबाजूच्या गाड्यांचे आवाज ऐकायचे. त्यांच्या सायलेन्सरचा आवाज कसा असावा असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मामंजींच्या खोकल्यासारखा. मोठा नाही, पण घरात कळतं कोण आलं." सासरे समोरच बसले होते. मी त्यांना अठरा वर्षं दिवाळीला मिठाई नेतोय, पण त्या एका वाक्यावर ते जितके खूश झाले तितके माझ्या मिठाईवर कधी झाले नाहीत.

खरं दुखणं वेगळंच होतं. चेनच्या पुढच्या चक्राचा एक दात कमी केला तर गाडी सिग्नलवरून कशी झटकन उठेल, हे साडूभाऊ दोन वाट्या आणि दोरा घेऊन समजावून सांगत, आणि माझी बायको हनुवटीखाली हात घेऊन ऐकत बसे. मी पंधरा वर्षं क्वालिटी विभागात दुसऱ्यांच्या चुका मोजतोय. त्यातलं काही ऐकताना तिने हनुवटीखाली हात घेतलेला मला आठवत नाही. घरी परतताना ती म्हणाली, "भावजींना कशाची तरी आवड आहे बघा."

"आणि मला नाही?"

"आहे ना. सुट्टीची."

पुढच्याच महिन्यात त्यांच्याकडे सत्यनारायण होता. साडूभाऊ सोवळं नेसून पूजेला बसले होते. वही कपाटावर होती. मी आतल्या खोलीत जाऊन पहिल्या काही पानांचे फोटो काढले. बाहेर कथा चालू होती आणि आत मी हे करत होतो, याची लाज मला प्रसाद खाताना वाटली. पण शिरा संपेपर्यंतच.

माझ्याकडे त्यांच्यासारखीच गाडी होती, फक्त थोडी नवी. कुरुळीला एका म्हाताऱ्या उस्तादांचं गॅरेज आहे, तिथे मी ती नेली आणि फोटो दाखवले. उस्तादांनी चष्मा वर करून ते बराच वेळ पाहिले. "काम करनारा मानूस हाय," ते म्हणाले. "कुनी काढलं?"

"मीच."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि विषय सोडला. "हँडल लई खाली हाय साहेब. कंबर जाईल."

"चित्रात आहे तसंच करा," मी म्हणालो.

तीन आठवड्यांत गाडी झाली. कंपनीच्या पार्किंगमध्ये पहिल्या दिवशी पोरं फोटो काढायला जमली. "राव, नादच केला तुम्ही," असं एकजण म्हणाला, आणि तो दिवस फार सुखाचा गेला. दुसऱ्या दिवशी हँडल पूर्ण वळवताना अंगठा टाकीला चेचला. चौथ्या दिवशी कंबर धरली. पण बायको शेजारणींना गाडी दाखवत होती, त्यामुळे मी सरळ चालत राहिलो.

एका रविवारी साडूभाऊ न कळवता आमच्याकडे चिंचवडला आले. गाडीवर मी कव्हर घालून ठेवलं होतं. बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने मोठ्या हौसेने त्यांना खाली नेऊन कव्हर काढलं.  गाडीभोवती साडूभाऊंनी दोन फेऱ्या मारल्या, मग उकिडवे बसून टाकीवरच्या पांढऱ्या रेषेवरून बोट फिरवलं.

"रंग बरोबर आला," ते म्हणाले.

मी म्हणालो, "दादा, मी तुमच्या वहीतून घेतलं."

"ते दिसतंय. ही रेघ इथे जरा वाकलीय ना, ती काढताना माझा हात हलला होता. तुमच्या माणसाने तीही उतरवलीय." मग त्यांनी हँडलला हात लावला. "हे पहिलं चित्र. पुढे मी ते दीड इंच वर घेतलं होतं. तेवढी पानं राहिली वाटतं तुमची. पाना आहे का?"

ती सगळी दुपार त्यांनी माझं हँडल वर करण्यात घालवली. रागाचा एक शब्द नाही. मी पाने हातात देत होतो आणि बायको वरून चहा आणत होती. काम झाल्यावर त्यांनी किल्ली मागितली, देहू रोडपर्यंत एक फेरी मारून आले, उतरले आणि म्हणाले, "छान झालीय. आता मला वेगळी करायची गरज नाही."

मला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल. पण ते खरंच थांबले. पुढे त्यांच्याकडे गेलो की मी मुद्दाम सायलेन्सरचा, रंगाचा विषय काढायचो. ते नम्रपणे ऐकायचे आणि पालेभाजी किती महागली ते सांगायचे. मेव्हणी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "हल्ली रविवारी दुपारी झोपतात हो. असं कधी नव्हतं." मी वर पाहू शकलो नाही. हेव्यापोटी मी त्या माणसाची गाडी नेली असती तर परत देता आली असती.

शेवटी मागच्या महिन्यात मी तळेगावला गाडी घेऊन गेलो आणि निघताना किल्ली त्यांच्या हातात ठेवली. म्हटलं, कंबर दुखतेय, काही दिवस तुमच्याकडेच राहू द्या. त्यांनी दोनदा नको म्हटलं, मग किल्ली खिशात घातली. मी लोकलने चिंचवडला परतलो. बायकोने विचारलं तर गाडी दुरुस्तीला टाकलीय म्हणून सांगितलं.

बुधवारी संध्याकाळी जेवायला बसत होतो तेव्हा त्यांचा फोन आला. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या. मग म्हणाले, "साडूभाऊ, गाडी तुमची आहे, मी बोलू नये. पण सीट दोन बोटं उंच वाटते मला. आणि मागचं मडगार्ड... त्याचा जरा विचार केला पाहिजे."

मी ताट बाजूला सारलं, टीव्ही बंद केला आणि म्हटलं, "सांगा ना. मला काही घाई नाही."