झोटवाडेकर समोरच्या संघात

यंदा आमच्या क्लबच्या मुलींचा संघ असा काही जमला होता, की बास्केटबॉल कशाशी खातात हे ठाऊक नसलेल्या आयासुद्धा सरावाला येऊन बसू लागल्या. कोच सरांनी जयपूरच्या दुसऱ्या क्लबांतून तीन नामी मुली फोडून आणल्या होत्या. एक आमेरकडची, ताडमाड उंच. दुसरी लांबून बॉल टाकायची आणि सहसा चुकायची नाही. तिसरी राज्याच्या संघातून खेळून आलेली, आणि हे ती कोणाला विसरू द्यायची नाही. पालकांच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या जोडीने रोज 'सुपरटीम' यायला लागलं. सीझनची एकही मॅच झाली नव्हती आणि एका पप्पांनी फायनलनंतरच्या जेवणासाठी हॉटेलसुद्धा बघून ठेवलं होतं.

"भाभीजी, इस बार सवाल बस इतना है कि सामनेवाले कितने से हारेंगे," शेजारच्या खुर्चीवरून कोणी ना कोणी मला सांगायचं. मी हसून मान डोलवायचे. नव्या मुली आल्या म्हणजे जुन्या गेल्या, हे ग्रुपवर कोणी लिहीत नव्हतं. गेलेल्यांतली एक जवळजवळ आमच्या घरची होती.

यांची बँकेतली बदली झाली आणि आम्ही कोल्हापूरहून इथे खातीपुऱ्यात आलो, तेव्हा माझी लेक पाचवीत होती. कोर्टवर पहिल्याच दिवशी तिला एक मैत्रीण मिळाली. ती झोटवाड्याहून बसने यायची आणि सरावानंतर आमच्याकडे जेवायला. आमच्या स्वयंपाकघरात बसून ती पोरगी मराठी शिकली, आणि त्याच स्वयंपाकघरात माझी लेक मराठी विसरत गेली. थालीपीठाला लोणी कमी पडलं, तर ती पोरगी मागून घ्यायची. हे तिला 'झोटवाडेकर' म्हणायचे. त्यावर ती "काय म्हणता काका?" असं ठसक्यात विचारायची. बाकीच्या मुलींना कळू नये म्हणून दोघी कोर्टवर आपसांत मराठीत बोलायच्या.

हे पाहून यांना एक शक्कल सुचली. मॅच चालू असताना हे मागच्या पायरीवर उभे राहून कोल्हापुरीत ओरडायला लागले. "उजवीकडनं घुस गं!" "मागं एक आलीया, मागं बघ!" जयपुरात कोणाला कळणार? रेफरीला वाटायचं, अंकलजी उत्साही आहेत. दोघी मुली मात्र बरोबर ऐकायच्या आणि बास्केट करायच्या. यांना तर वाटायला लागलं होतं की क्लब आपल्याच घशावर चाललाय.

मग यंदा सरांनी सगळ्या मुलींसमोर माझ्या लेकीला विचारलं, तू कॅप्टन आहेस, नवीन तिघींसाठी हिलाही जागा सोडावी लागेल, तुला चालेल ना? आणि तिने मान डोलावली. शेजारी झोटवाड्याची उभी होती.

घरी मी फटकारलं, तेव्हा लेक म्हणाली, "आई, मतलब, टीमसाठी करावं लागतं ना. आम्ही ट्रॉफी जिंकलो की ती समजून जाईल." मला तिचा राग आला आणि कीवही आली. त्या दिवसापासून झोटवाड्याची आमच्याकडे फिरकली नाही. फोन उचलेना. लेकीचं जेवण कमी झालं आणि सराव वाढला. जिंकणं ही तिच्यासाठी आता मैत्रीण परत मिळवायची एकच वाट उरली होती.

आणि पहिलीच मॅच त्या मैत्रिणीच्या नव्या क्लबशी आली. लहानसा क्लब, कोणी नावाजलेलं नाही, जर्सीसुद्धा धड एका रंगाच्या नाहीत. आमच्या बाजूला ढोल आणला होता! सराव करताना झोटवाड्याच्या पोरीने एकदा आमच्या पायरीकडे पाहिलं. मी हात वर केला. तिने बुटाची नाडी बांधायला घेतली.

सुपरटीमने पहिल्या पाच मिनिटांतच मला घाम फोडला. तिघींपैकी जिच्या हातात बॉल जाई, ती तो सोडतच नसे. उंच मुलगी हात वर करून उभीच, लांबून टाकणारी घाईघाईत टाकून मोकळी, आणि बॉल गेला की मागे पळायला माझी लेक एकटी. "पहला मैच है, सेट हो जाएँगी," पप्पालोक म्हणत होते. हाफटाइमनंतर ते तेवढंही म्हणेनात. ढोलवाला मोबाइल बघत बसला.

मग हे उठले. मला वाटलं, चला, आता होईल काहीतरी.

"उजवीकडनं घुस!" लेक उजवीकडे वळली, आणि तिथे झोटवाड्याची आधीच उभी. बॉल गेला. "मागं दे, मागं!" लेकीने मागे पास दिला, तोही मधल्यामधे उचलला गेला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माझ्या डोक्यात उजेड पडला. कोल्हापूरची मराठी कळणारी त्या कोर्टवर दुसरी एकच मुलगी होती, आणि तिला आम्हीच पलीकडे पाठवलं होतं.

"अहो, गप्प बसा! तिला सगळं कळतंय!"

"कुणाला?" हे म्हणाले. तेवढ्यात तिने लेकीच्या हातातला बॉल असा काही सफाईने काढला आणि पळत जाऊन बास्केट केली, की यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "शाब्बास झोटवाडेकर!"

सगळे पालक वळून आमच्याकडे बघायला लागले. हे मटकन खाली बसले.

शेवटच्या क्षणी आम्ही एकाच गुणाने मागे होतो आणि बॉल माझ्या लेकीकडे होता. तिने मान वर करून बापाकडे पाहिलं. यांनी तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता. मला ओरडावंसं वाटत होतं, काहीही, पण काय ओरडणार? कुठल्या भाषेत? लेक उजवीकडे गेली. नेहमी तिकडेच जाते. ते ओळखायला समोरचीला कोणी सांगायची गरज नव्हती. शिट्टी वाजली तेव्हा बॉल झोटवाडेकरच्या हातात होता.

मी खाली उतरले. नेहमीसारखाच दोघींना पुरेल एवढा डबा आणला होता. झोटवाड्याची समोर आली, वाकून माझ्या पाया पडली. "बऱ्या आहात ना काकू? काकांचा घसा बसला असेल, गरम पाणी द्या त्यांना." माझ्या लेकीला कधी जमलं नाही इतकं स्वच्छ मराठी. मी डबा पुढे केला. "नको काकू, आमच्या टीमचं जेवण आहे," ती म्हणाली. मी डबा परत पिशवीत ठेवला.

मग ती माझ्या लेकीकडे वळली. लेक तोंड उघडणार, तेवढ्यात तिने हात पुढे केला, बाकी सगळ्यांशी मिळवला तसाच. "अच्छा खेला आपने," म्हणाली, आणि गेली.

गाडीत बसल्यावर मी मोबाइल उघडला. ग्रुपवर लोक लिहीत होते, एका मॅचने काय होतं, सीझन पूरा बाकी है. खातीपुरा स्टेशन मागे पडलं, तेव्हा मागच्या सीटवरून लेकीचा आवाज आला.

"आई, तिने मला 'आप' म्हटलं."