मॉर्मन बाईंचं गाळलेलं वाक्य

तुमच्या गावच्या फ्लेक्सवर शेवटचा काळा माणूस तुम्ही कधी पाहिलात? घाई करू नका, नीट आठवा. वाढदिवस, निवड, 'भावी' अमुकतमुक, तेराव्याचा कार्यक्रम. आमच्या धाराशिव जिल्ह्यात माणूस उन्हात रापून रापून करवंदासारखा होतो, पण फ्लेक्सवर चढला की दुधात बुडवून काढल्यासारखा दिसतो. मेलेला माणूससुद्धा वर जाता जाता उजळून जातो.

मी स्वतः काळी आहे. लग्नाच्या बायोडाट्यात मात्र निमगोरी आहे. तो बायोडाटा आत्यानं लिहिला. माझ्या वडिलांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला आणि बायोडाटा तसाच परत दिला. हे तेच वडील, ज्यांनी रंग, जात आणि हुंडा या तीन विषयांवर आयुष्यभर पत्रकं काढली. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि गावच्या वाचनालयाचे चिटणीस आहेत. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'बंधूंनो आणि भगिनींनो, जागे व्हा' या ओळीवर बोट ठेवून. त्यामुळे बरीच वर्षं माझी अशी समजूत होती की सगळं जग झोपलेलं आहे आणि त्याला उठवण्याचं कंत्राट आमच्या घराकडे आहे.

गाव ढोकीच्या अलीकडं आहे. नाव सांगत नाही, सांगितलं तर अभिनंदनाचा फ्लेक्स लागेल.

मी हैदराबादला भाषांतराची कामं करते. तिथं एका बाईंची ओळख झाली. अमेरिकेतल्या, कृष्णवर्णीय, साठीच्या जवळ आलेल्या, नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी शिकवायला वर्षभरासाठी आलेल्या. त्या मॉर्मन पंथाच्या होत्या. ख्रिस्ती परंपरेतून अमेरिकेत निघालेला हा पंथ. याच पंथात शंभराहून जास्त वर्षं काळ्या पुरुषाला पुरोहितपद मिळत नव्हतं आणि काळ्या जोडप्याला त्यांच्या मंदिरात लग्न लावता येत नव्हतं, हे मला आधीच माहीत होतं. पत्रकवाल्याच्या पोरीला असल्या गोष्टी माहीत असतातच. मला वाटलं, सापडलं. एवढा चांगला दाखला गावात नेला नाही तर मी कसली माझ्या बापाची लेक.

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मी त्यांना बोलावलं. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. आपल्या वडिलांची गोष्ट त्यांनी आजवर चारचौघांत कधी सांगितली नव्हती. मग म्हणाल्या, सांगते, पण एक अट आहे. मी बोलेन तेवढं सगळं सांगायचं. माझ्या पंथाला राक्षस करायचं नाही आणि देवदूतही करायचं नाही. मी छातीवर हात ठेवून कबूल केलं. तो हात मी कसा ठेवला होता, ते अजून आठवतं आणि लाज वाटते.

गावात पहिला पेच पडला तो चहाचा. मॉर्मन माणूस चहा पीत नाही, कॉफी नाही, तंबाखू नाही, दारू नाही. आता मराठवाड्यात चहा नाकारणं म्हणजे भावकीशी वैर घेणं. वाचनालयाचे अध्यक्ष गावातले मोठे बागायतदार. त्यांच्या ओसरीवर कपबशी पुढं आली आणि बाईंनी हात जोडले. अध्यक्षांचा चेहरा उतरला. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "पोरी, पाव्हणीला आमच्या घरचं चालत न्हाय का?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हा प्रश्न पडला होता. मातंग वस्तीत कुणाच्या लग्नाला, मयतीला ते जातात, पण चहाचा घोट घेत नाहीत. पित्त होतं म्हणतात. त्यांचं पित्त वस्तीच्या कोपऱ्यावर उठतं आणि परत चावडीजवळ आलं की बसतं. मी त्यांना सांगितलं की बाई कुणाच्याच घरचा चहा घेत नाहीत. तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. मग उसाचा रस आला. बाईंनी दोन ग्लास घेतले आणि ओसरीची अब्रू राहिली.

दुसरा पेच फ्लेक्सचा. वाचनालयाच्या दारात तो बांधलेला होता. अध्यक्ष, वडील आणि मधोमध पाहुण्या. तिघंही गोरे. बाईंचा फोटो मीच पाठवला होता, पण दुकानदारानं त्यांना असं उजळवलं होतं की त्या एखाद्या साबणाच्या जाहिरातीतल्या मावशी वाटत होत्या. मी तिथूनच दुकानदाराला फोन लावला. तो बिचारा कामसू माणूस. म्हणाला, "ताई, आपण सगळ्यांचंच करतो की. पाव्हण्याला काळं छापलं तर लोक म्हणत्याल, शाई संपली व्हती."

बाई फ्लेक्ससमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. यातली मी कुठली, असं त्यांनी मला विचारलं. मी बोट दाखवलं आणि माफी मागायला लागले. त्या म्हणाल्या, "लहानपणी एका बाईनं मला समजावलं होतं, चांगली वागलीस तर पुढच्या जगात गोरी होशील. एवढी वर्षं वाट बघितली. तुमच्याकडं एका दुकानात काम झालं." मग त्यांनी मोबाईलवर त्या फ्लेक्सचा फोटो काढला. वडील तिथंच उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी बायोडाट्याबद्दल तेव्हाही बोलले नाही.

कार्यक्रम सकाळी दहाचा होता, म्हणजे साडेअकराला सुरू झाला. पुढं खुर्च्या, मागं सतरंजी. खुर्चीवर कोण आणि सतरंजीवर कोण, हे आमच्या गावात कुणी सांगत नाही. माणसं आपापली जाऊन बसतात, आणि आम्ही म्हणतो, बघा, कुणी कुणाला अडवलं का. सतरंजीवर वस्तीतले हलगीवाले आजोबा बसले होते. देवीच्या जत्रेत पालखीपुढं चाळीस वर्षं त्यांची हलगी वाजते. हलगीशिवाय पालखी जागची हलत नाही. पण त्या पालखीला त्यांच्या घरच्या कुणी कधी खांदा दिलेला नाही. यावर वडिलांनी किमान पाच पत्रकं काढली असतील. मथळे जोरदार होते.

बाई बोलायला उभ्या राहिल्या. एक परिच्छेद त्या बोलायच्या, मग मी मराठीत सांगायची. त्यांचे वडील पाव भाजायचे, बेकरीत कामाला होते. दर रविवारी सभेत प्रार्थना करून पाव आणि पाणी वाटतात, तसा तिथला विधी आहे. कितीतरी रविवारी तो पाव यांच्या वडिलांनीच भाजून आणलेला असायचा. पण तो ताटात घेऊन बाकांमधून फिरवायचे बारा-तेरा वर्षांचे गोरे मुलगे, कारण त्यांना पुरोहितपदाची पहिली पायरी मिळालेली असायची. वडिलांना ती नव्हती. त्यांनी भाजलेला पाव त्यांच्यासमोरून जायचा, त्यातला तुकडा त्यांनी घ्यायचा, ताट पुढच्याला द्यायचं.

असं का, म्हणून विचारलं तर निरनिराळी माणसं निरनिराळी कारणं सांगायची. एक कारण असं की जन्माआधी आत्म्यांचं एक जग असतं आणि तिथं तुमचे आत्मे जरा कमी पडले असतील.

हे मी मराठीत सांगितलं आणि सतरंजीवरून हलगीवाल्या आजोबांचा आवाज आला, "म्हंजी मागल्या जल्माचं. मग आपल्यावानीच की."

सगळे हसले. खुर्च्या जरा कमी हसल्या. मी तर आतून फुलून गेले. पत्रकं वाटून जे होत नाही ते एका वाक्यात झालं होतं. बाई पुढं म्हणाल्या की पंथानं ही सगळी कारणं आता चूक म्हणून टाकून दिली आहेत. हे मी सांगितलं, पण भरभर, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचतात तसं. त्या शाळेत असताना बंदी उठली. त्यानंतर एका रविवारी त्यांच्या वडिलांनी पहिल्यांदा ताट हातात घेतलं. पाण्याचे बारके पेले एकमेकांवर वाजत होते आणि सगळ्या सभागृहाला ते ऐकू येत होतं.

मग त्यांनी शेवटचं सांगितलं. त्या सगळ्या वर्षांत माझे वडील पंथ सोडून गेले नाहीत. मीही त्याच पंथात आहे आणि राहणार आहे. ते घर आमचंही आहे.

हे वाक्य मला नको होतं. एवढा तापवलेला तवा, त्यावर ही बाई पाणी ओतत होती. तिनं दार आपटून निघून जायला हवं होतं. माझ्या घरात वाढलेल्या कुठल्याही पत्रकाचा शेवट तसाच झाला असता. मी घसा खाकरला आणि म्हणाले, "अशी ही अन्यायाची कहाणी." टाळ्या पडल्या. वडिलांनीही वाजवल्या. बाईंनी मान लववली, कारण त्यांना वाटलं टाळ्या त्यांच्या वाक्याला आहेत.

अध्यक्ष आभाराला उठणार तेवढ्यात आजोबा उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. मला म्हणाले, "बाईंना एक इचार. त्येंच्या वडलानं ते देऊळ सोडलं का न्हाय?"

मी हा प्रश्न इंग्रजीत विचारला. दुसरा इलाज नव्हता. बाईंनी आजोबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाल्या, "हे तर मी आत्ताच सांगितलं. तू सांगितलं नाहीस?"

आजोबा उभेच होते. त्यांचा मुलगा यंदाच्या जत्रेत हलगी धरायला नको म्हणत होता, वाजवण्यापेक्षा गाव सोडलेलं बरं म्हणत होता. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणजे आजोबा काही माहितीसाठी विचारत नव्हते. चाळीस वर्षं आपण काय केलं, ते त्यांना कळून घ्यायचं होतं. आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी होतं. मी ते खिशात घातलं होतं.

मी मराठीत म्हणाले की बाईंचं एक वाक्य मी गाळलं. मुद्दाम गाळलं. आणि मग ते जसं होतं तसं सांगितलं.

सगळ्यात आधी अध्यक्ष खुलले. माइक हातात होताच. म्हणाले, "बघा. बाईंनी एवढं सोसलं, पर धर्म सोडला न्हाय. आपल्याकडंबी लोकांनी जरा समजुतीनं घ्यावं."

बाईंनी विचारलं, काय म्हणाले. या खेपेला मी एक शब्दही गाळला नाही. समजुतीचं इंग्रजी करताना मला फार समाधान वाटलं.

बाई परत माइकपाशी आल्या. "त्यांना सांग, माझे वडील राहिले, पण गप्प राहिले नाहीत. दर वर्षी एकदा ते सभेच्या प्रमुखाच्या घरी जायचे, दार वाजवायचे आणि विचारायचे, अजून किती दिवस? प्रमुख बदलले, वडिलांचा प्रश्न तोच राहिला. कोण राहतो आणि कोण जातो, हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझा भाऊ पंथ सोडून गेला. मी त्यालाही चूक म्हणत नाही."

मी सगळं सांगितलं. अध्यक्षांना अचानक पित्ताचा त्रास सुरू झाल्यासारखं दिसलं. आजोबा टोपी डोक्यावर घालून खाली बसले.

"आमाला तर कुणी इचारलंच न्हाय बघा," ते म्हणाले. "वाजवा म्हणणारे ईवून गेले, वाजवू नका म्हणणारे ईवून गेले. तुमचे आप्पाबी ईवून गेले, कागद दिवून गेले. तुमाला काय वाटतं, असं कुणी म्हनलं न्हाय."

आप्पा म्हणजे माझे वडील. ते पहिल्या रांगेत होते. पाच पत्रकं, जोरदार मथळे. ते उठले आणि खुर्च्यांमधून मागं गेले. मला वाटलं, आता भाषण होणार. ते सतरंजीवर आजोबांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आता इचारतो. सांगा."

आजोबा सांगायला लागले. ते बराच वेळ बोलत होते. त्यात हलगीचा अभिमान होता, खांद्याचा राग होता, पोराची काळजी होती, देवीवरची माया होती, आणि यातल्या निम्म्या गोष्टी निम्म्यांशी भांडत होत्या. त्याचं पत्रक झालं नसतं. वडिलांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. मी शेजारी बसून बाईंसाठी हळूच इंग्रजी करत होते. चुकत होते, परत मागं जात होते, पण गाळत नव्हते.

आजोबांनी शेवटी काय ठरवलं, ते मी इथं लिहिणार नाही. ते त्यांचं आहे. जत्रा यायची आहे. हैदराबादच्या गाडीत बाई मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की पुढच्या वेळी मीच मराठी शिकून येते. याच्यापेक्षा त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या गावात, तुमच्या देवळात, मशिदीत, चर्चमध्ये, पक्षात, वाचनालयात असं कुणीतरी आहे जे वर्षानुवर्षं राबतं आणि मागं बसतं. त्यांच्या वतीनं तुम्ही भाषण केलं असेल, कविता केली असेल, निदान मोबाईलवर स्टेटस तरी ठेवलं असेल. या आठवड्यात त्यांच्या घरी जा. पुढं येईल तो चहा प्या, पित्त होत असलं तरी प्या. विचारा, तुम्ही इथं का राहिलात, आणि तुम्हाला काय हवं आहे. आणि उत्तर तुमच्या मनासारखं निघालं नाही तरी ते संपेपर्यंत मधे बोलू नका.