अक्कांचा देव

माझी अंबाआत्या एकोणिसाव्या वर्षी कुंभकोणमहून तंजावरला सासरी गेली, ते साल १९४८. वर्षाच्या आत तिचा नवरा भीमसेन नोकरीसाठी सिंगापूरला निघून गेला. दोन पत्रं आली, तिसरं आलं नाही. पुढे कुणीतरी सांगत आलं की त्याने तिकडे दुसरं घर केलं आहे.

सासरे बाळकृष्णराव मराठी कीर्तनकार. प्रल्हादाचं आख्यान लावलं की बायका पदरात तोंड लपवून रडत. घरी आले की तेच बाळकृष्णराव सारात मीठ जास्त झालं म्हणून ताट भिंतीवर भिरकावत. नवऱ्याने टाकलेली तरणी सून घरात, लोक काय बोलतील याची त्यांना धास्ती. कीर्तनाला निघाले की ते बाहेरून दाराला कुलूप लावत आणि किल्ली जानव्याला अडकवत. माझे आजोबा एकदा आत्याला आणायला गेले होते. "मुलगा परत आला तर त्याला काय सांगू?" असं बाळकृष्णरावांनी विचारलं आणि आजोबा कॉफी पिऊन परत आले. आजोबांच्या आणखी दोन मुली लग्नाच्या होत्या.

कुलपाआड आत्याच्या सोबतीला होत्या त्या भागीरथी अक्का. त्या घरच्या स्वयंपाकीणबाई. केशवपन केलेल्या, आलवण नेसणाऱ्या, सोवळ्यात इतक्या कडक की आत्याची सावलीसुद्धा चुलीवर पडू देत नसत. त्यांचं स्वतःचं माणूस कुणी उरलं नव्हतं. त्या रांधता रांधता देवाशी बोलत, आणि तेही भांडल्यासारखं. "काल गुडघ्याने झोपू दिलं नाहीस. आज तरी भात नीट शिजू दे."

आत्याला ते असह्य व्हायचं. एकदा तिने विचारलं, "अक्का, तो उत्तर देतो तरी का?"

"नाही गे. पण खोलीत कुणी बसलेलं असलं, की पाठमोरं असतानाही कळतं ना? तसं कळतं."

आत्याला काहीच कळत नव्हतं. देवाचं नाव ती त्या घरात रोज ऐकत होती आणि त्या नावाचा तिला वीट आला होता. अक्का तिच्याइतक्याच कोंडलेल्या होत्या, सासऱ्यांची बोलणी तिच्याहून जास्त खात होत्या, तरी सकाळी उठत त्या काल काही झालंच नाही अशा. "मला त्यांचा रागच यायचा," पुढे कितीतरी वर्षांनी हे सगळं मला सांगताना आत्या म्हणाली. "कोंडलेलं माणूस कोंडल्यासारखं दिसायला नको का?"

१९५२च्या नोव्हेंबरच्या शेवटी ते मोठं वादळ आलं. सासरे आदल्या दिवशी कीर्तनाला तिरुवैयारुला गेले होते. सकाळपासून वारा घुमत होता. कौलं उडाली, उंच भिंतींच्या परसातला माड उन्मळून मागच्या दारावर आडवा पडला. दोघी पुढच्या सोप्यात येऊन बसल्या, तर भर दुपारी दारावर धक्के बसू लागले. वडवार नदीच्या काठच्या झोपड्या वाहून गेल्या होत्या. बाहेर म्हातारी माणसं होती, एक पोर रडत होतं. "अम्मा, दार उघडा!"

आत्या फटीतून ओरडली, "बाहेरून कुलूप आहे! किल्ली नाही!"

हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. "मला बरं वाटलं गे. कुलूप आहे म्हणजे आपण काही ठरवायला नको."

अक्का उठल्या. त्यांना भीती वाटत नव्हती असं नाही, त्यांचे ओठ थरथरत होते. देवघराकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "ऐकतोस ना?" मग दाराशी जाऊन तमिळमध्ये ओरडल्या, "दगड घ्या! फोडा ते कुलूप!"

आत्याने त्यांचा हात धरला. "अक्का, मामंजी मला जगू देणार नाहीत. आणि तुमचं सोवळं?"

"सोवळं त्याच्यासाठी पाळलं," अक्का म्हणाल्या. "तो बाहेर भिजतोय."

चौदा माणसं आत आली. कोरडी खोली एकच उरली होती, देवघर. त्या उंबऱ्याशी अक्का क्षणभर अडल्या. जन्मभर जे जपलं ते मोडायचं होतं. मग त्यांनी स्वतः अंगात ताप भरलेल्या एका म्हातारीला काखेत हात घालून आत नेलं आणि पाटावर बसवलं. नैवेद्याचा भात त्यांनी आपल्या हाताने सगळ्यांना वाढला.

"मी देव पाहिला नाही," आत्या म्हणाली. "पण अक्कांच्या पाठीशी कुणीतरी उभं होतं, ते पाहिलं. एवढी घाबरलेली बाई एकटीने ते करूच शकली नसती. त्या दिवशी मी पहिल्यांदा मनात म्हटलं, असशील तर माझ्याजवळही राहा."

तिसऱ्या दिवशी बाळकृष्णराव परतले. फुटलेलं कुलूप पाहिलं, देवघरातल्या ओल्या चिंध्या पाहिल्या. अक्कांना त्यांनी उभ्या पावली घालवून दिलं. आत्या दाराशी रडत म्हणाली, "मला कुणाच्या हवाली करून चाललात?"

अक्कांनी गाठोडं काखोटीला मारलं. "ते तुला ठाऊक आहे," एवढंच म्हणाल्या.

मग घराची शुद्धी झाली आणि नवं कुलूप आलं, आधीच्याहून मोठं. सात वर्षं आत्या त्याच्याआड एकटी राहिली. देवाने काही ते उघडलं नाही. वाटण वाटताना ती अक्कांसारखी बोलू लागली, आधी लाजत, मग भांडत. काही दिवस खोलीत कुणी आहे असं वाटे. कित्येक दिवस खोली रिकामीच असे, तरी ती बोलायची.

१९५९ साली बाळकृष्णरावांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आत्या त्यांना भरवू लागली, पुसू लागली. तिने हात आखडता घेतला नाही, आणि हे त्यांच्या लक्षात येत होतं. एका सकाळी त्यांनी अडखळत विचारलं, "कुणाशी... बोलतेस?"

"देवाशी."

"ऐकतो?"

"मामंजी, हे तर तुम्हीच चाळीस वर्षं लोकांना सांगत आलात."

म्हाताऱ्याने मान हलवली. "सांगत होतो," ते कष्टाने म्हणाले. "बोललो... कधीच नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली खाट स्वयंपाकघराशी सरकवायला लावली. तिथे पडून ते ऐकत. काही आठवड्यांनी म्हणाले, "कसं... बोलायचं?"

"येईल तसं. शिव्या दिल्या तरी चालतं. अक्का देत."

अक्कांचं नाव निघताच बाळकृष्णरावांनी शेजारच्या सूर्यनारायणला तिरुवैयारुला शोध घ्यायला पाठवलं; त्या तिकडे गेल्याचं कानावर आलं होतं. अक्का दोन वर्षांपूर्वीच तिथे एका छत्रात, धर्मशाळेत, वारल्या होत्या. ते ऐकून बाळकृष्णराव लहान मुलासारखे रडले. त्यानंतर त्यांचे ओठ पुष्कळदा हलत असत. काय म्हणत, ते आत्याने कधी विचारलं नाही. १९६१ साली ते गेले.

मी कॉलेजसाठी तंजावरला गेले ती १९६४ साली, आत्याच्याच घरी. घर भीमसेनच्या नावावर, म्हणून तिला ते विकता येत नव्हतं. शिक्षण नव्हतं. माहेरी आता भावजयांचं राज्य. मी एकदा चिडून म्हटलं, "आत्या, तू इथेच अडकलीस. मग देवाने तुला दिलं काय?"

ती पडवळ चिरत होती. "एकटं ठेवलं नाही," ती म्हणाली. मग तिने विळी माझ्याकडे वळवली. "काही दिवस तेवढं पुरत नाही गे. नाही म्हणायला नको." आणि नारळाची वाटी माझ्यापुढे सरकवून तिने मला खवायला बसवलं.