सुनंदाचा गुडघा

मित्रांनो, रविवारी स्पर्धेच्या सकाळी मी मारुतीचं नाव घेतलं आणि माझी धावपटू सुनंदा हिचा मुरगळलेला गुडघा तेल लावून ओढला. आत कट्ट वाजलं. "बसला," म्हणालो आणि तिला पळायला लावलं.

आज नाशिकला डॉक्टरांनी एमआरआय पाहिला. लिगामेंट तुटलंय, त्यावर पळाल्याने गुडघ्यातली गादीही फाटलीय. ऑपरेशननंतर वर्ष जाईल; पुन्हा स्पर्धेत उतरेल याची खात्री नाही.

"अशा गुडघ्यावर पळायला कोणी सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच हट्ट केला. सर नाय म्हणत होते," सुनंदा म्हणाली.

सुरगाण्याहून आलेली तिची आई "तुम्ही तरी अडवलं होतंत" म्हणत माझ्या पाया पडली.

दिवसभर गुडघ्याचा तो कट्ट आवाज बोटांत जाणवत होता. आपली चूक पोरीने अंगावर घेतली, तर देवापुढे कोणत्या तोंडाने उभं राहायचं?

संध्याकाळी दवाखान्यात परत गेलो. डॉक्टरांसमोर तिच्या आईला सांगितलं, "ताई, तिला मीच पळायला लावलं."