अर्थ मंत्रालयातला भाचा

दिल्लीला अर्थ मंत्रालयात मी नोकरीला लागलो, तेव्हा आमच्या म्हैसूरच्या मराठी मंडळींत अशी समजूत पसरली की देशाची तिजोरी आता आपल्याच घरात आली. ही समजूत पसरवणारा गाढव मीच. मी असिस्टंट होतो, म्हणजे कारकुनापेक्षा एक पायरी वर. पण घरच्या पत्रात 'मंत्रालयात सध्या फार गडबड आहे' एवढंच लिहायचो, आणि आई ते पत्र गल्लीभर वाचून दाखवायची.

खरं म्हणजे अर्थ मंत्रालय हे एक घर नव्हेच, एका छपराखालची चार बिऱ्हाडं आहेत. कर कुणावर किती बसवायचा ते महसूल विभाग बघतो. बजेट जुळवतो अर्थव्यवहार विभाग. मी होतो व्यय विभागात. तिथला कारभार सोपा: खर्च करायचा बाकीच्या मंत्रालयांनी आणि 'नियमात बसत नाही' म्हणायचं आम्ही. त्यातही माझ्या टेबलावर होता प्रवासभत्ता. बदली झालेल्या अधिकाऱ्यानं जुन्या गावी राहिलेली सायकल सरकारी खर्चानं मागवावी का, यावर मी पानभर टिपण लिहायचो. ते सेक्शन ऑफिसर, अंडर सेक्रेटरी, डेप्युटी सेक्रेटरी असं वर चढायचं आणि खाली उतरेपर्यंत त्या माणसाची पुन्हा बदली झालेली असायची. महसूल विभागाच्या जिन्यावर मी एकदाच पाऊल ठेवलं, तेही रस्ता चुकून.

एका फेब्रुवारीत मी रजेवर घरी आलो. बजेट आठ दिवसांवर आलेलं असताना ज्याला रजा मिळते, त्याची बजेटमध्ये काय किंमत असणार? पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. उलट मामानं दुसऱ्याच दिवशी मला कॉफीला बोलावलं.

मामा शिंपी. देवराज मार्केटच्या मागं त्याचं भाड्याचं दुकान होतं, आजोबांनी थाटलेलं. घरमालकानं ते विकायला काढलं होतं आणि मामाला सांगितलं होतं, ''पाडव्यापर्यंत पैसे आण, नाहीतर दुसरा तयार आहे.'' मामानं जन्मभर साठवलेले पैसे होते, पण थोडे कमी पडत होते. तेवढ्यात एक ठोक व्यापारी त्या पैशांत टेरिकॉटची ठाणं द्यायला तयार झाला. बजेटमध्ये कापडावरचा कर वाढला तर भाव चढणार, मामा ती ठाणं विकणार आणि दुकान आपलं होणार. कर उतरला तर पैसे अडकणार आणि दुकानही जाणार.

''तर आता तूच सांग बाबा,'' मामा खुर्ची पुढं ओढत म्हणाला, ''कर चढणार की उतरणार?''

'माहीत नाही' हे मला मराठीत येत होतं. कानडीत 'गोत्तिल्ला' येत होतं. हिंदी आणि इंग्रजीतही येत होतं, आणि पगार तर मला दिवसभर नकार लिहिण्याचाच मिळत होता. पण मी काय केलं? उठलो, खिडकी लावून घेतली आणि आवाज खाली आणून म्हणालो, ''माहीत आहे, मामा. पण सांगता येत नाही. गुप्ततेचा प्रश्न असतो.''

उचलली जीभ, लावली टाळ्याला!

मामी दारात उभी होती. ती म्हणाली, ''अय्यो, बजेटच्या लोकांना आत कोंडून ठेवतात म्हणे. पेपरात आलं होतं. मग हा इथं कसा?''

''माझं काम आधीच संपलं, मामी,'' मी म्हणालो. ते मात्र खरं होतं. सायकलीची फाईल मी वर पाठवूनच निघालो होतो.

''तू सुम्मने बस गं, गप्प,'' मामा तिला म्हणाला आणि माझ्याकडे वळला. ''हे बघ, तू बोलूच नकोस. तुझ्या नोकरीला धक्का नको. ठाणं घ्यायची असतील तर आणखी एक कॉफी घे. नको असतील तर कॉफीचा लोटा पालथा घाल. म्हणजे तू काही सांगितलं असं होत नाही.''

इतकी सभ्य पळवाट आमच्या अख्ख्या व्यय विभागाला सुचली नसती. मी लोट्याकडे बघत विचार केला. विचार कसला? कर नेहमी वाढतातच, एवढंच माझं अर्थशास्त्र. मामीनं ताजी कॉफी ओतली आणि मी देश चालवणाऱ्या माणसाच्या तोऱ्यात ती प्यालो. मामाचे डोळे भरून आले. त्यानं त्याच दुपारी ठाणं उचलली.

बजेटच्या संध्याकाळी आम्ही सगळे रेडिओभोवती बसलो. त्या कापडावरचा कर उतरला. मामीनं रेडिओ बंद केला. मामा ''पांडुरंगा'' एवढंच म्हणाला आणि अर्धवट राहिलेली पँट शिवायला बसला. मला एका शब्दानं बोलला नाही. मी रजा दोन दिवस आधीच आटोपती घेतली आणि ऑफिसात काम निघालं असं सांगून पळालो. पाडव्याला त्या दुकानात विजेच्या सामानाचा व्यापारी आला. मामानं मशीन घराच्या व्हरांड्यात आणलं. टी. नरसीपूरहून दर सणाला येणारी जुनी गिऱ्हाइकं बल्ब आणि पंखे बघून परत जायला लागली.

पुढच्या वर्षी गेलो तर गल्लीत माझा मान वाढलेला! समोरच्या वाण्यानं मला हात धरून बसवलं आणि साखरेचं काय होणार ते विचारलं. म्हणाला, ''तुमचे मामा सांगत होते. तुम्ही बरोबरच सांगितलं होतं म्हणे, पण दिल्लीत ऐन वेळी वरून फिरवलं. तुमच्यावर नाराज नाहीत हो ते.'' मी हात सोडवून घेतला आणि तडक मामाकडे निघालो.

मामा व्हरांड्यात होता. मला बघून आनंदानं उठला. ''ये, ये! शर्टाचं कापड ठेवलंय तुझ्यासाठी,'' म्हणत त्यानं गळ्यातला टेप काढला आणि माझं माप घ्यायला लागला. मी हात पसरून उभा होतो. तो खांद्याचं माप घ्यायला पाठीमागं गेला, तेव्हा मला धीर आला.

''मामा, मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मी तिथं प्रवासभत्त्याच्या फायली बघतो. कर ठरवणारी माणसं मी लांबूनसुद्धा पाहिलेली नाहीत. मी नुसती फुशारकी मारली.''

टेप खांद्यावर तसाच राहिला. मग मामा पुढं आला. मला वाटलं आता एक मुस्काटात देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

''माहीत नाही म्हणाला असतास,'' तो म्हणाला, ''तर मी तुला कमी लेखलं असतं काय रे?''

माझे पसरलेले हात खाली आले, मान वर करता येईना. लाजेनं नुसता जळत होतो. मामानं क्षणभर वाट पाहिली, मग टेप गुंडाळून ठेवला आणि न मापलेली बाही अंदाजानं वहीत लिहून घेतली.