पाकिटावरचं नाव

आज मसाल्यासाठी दगडफूल भाजताना तो मातकट वास उठला आणि मी थेट अंबडच्या आमच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. देशभरातल्या दगडफुलांची नोंद करत फिरणारे एक प्राध्यापक आमच्याकडे उतरले होते. मी हौसेनं मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल काढलं, खडे निवडले आणि ताटलीत घालून त्यांच्यापुढं ठेवलं. ते हसले. "वहिनी, हे आमटीत घाला. मला इथलं पाहिजे, दगडासकट."

माझी धाकटी जाऊ सखू उठली आणि परसातल्या भिंतीचा, दगडफुलाचे राखाडी चट्टे उगवलेला दगडच उचलून घेऊन आली. प्राध्यापक हरखले. त्यांनी तो कागदाच्या पाकिटात घातला आणि वर शाईनं काहीतरी लिहिलं.

सखूला वाचता येत नव्हतं. तिनं मला विचारलं, "अक्का, काय लिवलं वो त्येंनी?"

'शोधणारी : सखूबाई, अंबड.' माझा नुसता जळफळाट झाला.

"काही न्हाई, गावाचं नाव हाय," मी म्हणाले.

सखू जाऊन कैक वर्षं लोटली. दर उन्हाळ्यात मसाला करताना वाटतं, सांगायला पाहिजे होतं. पण खरं सांगू? ती आत्ता समोर येऊन बसली, तरी माझ्या तोंडून ते निघेलसं वाटत नाही.